रफिकचं बोट आणि व्याह्यांची फियाट

रफिक घरटकरच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाने एक सोयरीक मोडली होती. दुसरी मोडू नये म्हणून हल्ली ते बोट बहुतेक वेळ खिशात असायचं.

बोट तसं गुणी होतं. शारजाच्या एका वर्कशॉपात रफिकने उमेदीची सगळी वर्षं घालवली. तिथे तो मोठ्या लोकांच्या मोठ्या गाड्यांवर फिल्म लावायचा. फिल्म म्हणजे गाडीच्या रंगावर चिकटवायचं एक पारदर्शक, ताणलं तर ताणलं जाणारं आवरण. खडा उडो नाहीतर काटा घासो, मार फिल्म खाते आणि रंग वाचतो. मात्र ती लावण्याआधी रंग कंपनीचा आहे की कुणी मागाहून मारलेला, हे बघावं लागतं. मागाहून मारलेल्या रंगाची पकड कच्ची असते. फिल्म काढायची वेळ आली तर रंगही तिच्यासोबत चालता होतो. हे तपासायचं यंत्र वर्कशॉपात एकच होतं आणि त्याच्यावर डोळा दहाजणांचा. रफिकने यंत्राचा नाद सोडला आणि बोटाचं पेर पत्र्यावर ठोकून ऐकायची सवय लावून घेतली. चांगला पत्रा टण्ण वाजतो. पोचा बुजवायला आत पुट्टी भरलेली असली तर ढप्प असा आवाज येतो. त्यातूनही शंका राहिली तर काचेच्या रबराखाली नख घालायचं आणि तिथे कुठला रंग लपलाय ते बघायचं. एवढी विद्या घेऊन तो म्हसळ्याला परत आला आणि ही विद्या इथे कुणालाच नको आहे, हे कळायला त्याला फार दिवस लागले नाहीत.

श्रीवर्धनच्या रस्त्याला चांगदेवची सुपारीची शेड होती. चांगदेव पूर्वी पनवेलला ट्रक रंगवायचा. कंबर गेली तसा गावी येऊन सुपारीच्या धंद्यात पडला. अर्ध्या शेडमध्ये त्याच्याकडच्या बायका सुपारी सोलायच्या, उरलेली अर्धी रफिकने भाड्याने घेतली. बाहेर पाटी लावली, ‘शारजा कार केअर, गाडीच्या रंगाचे रक्षण’. पहिल्याच दिवशी एकाने विचारलं, रक्षण म्हणजे काय, तुम्ही रात्रीचे राखणीला बसता का?

नवीन गाड्यावाले आपली गाडी मुंबईहूनच नटवून आणत. रफिकच्या वाट्याला आल्या त्या म्हाताऱ्या गाड्या. खाऱ्या वाऱ्याने कडा खाल्लेल्या मारुत्या, कलिंगडं वाहून वाहून पोट खाली आलेल्या व्हॅनी, एखादी जीप. मालक विचारायचा, फिल्म लावली की हा पोचा जाईल का? रफिक खरं सांगायचा. जाणार नाही. ओरखडा जाईल? तोही जाणार नाही. मग होईल काय? आहे तसं राहील, रफिक म्हणायचा. यावर गिऱ्हाईक त्याच्याकडे जरा दयेने बघून निघून जायचं. जुनी गाडी आहे तशी राहणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे समजावायला त्याला अर्धा तास लागे आणि तेवढा वेळ गिऱ्हाइकाला नसे. जूनमध्ये मात्र दुकानात गर्दी व्हायची. शेजारपाजारच्या बाया मुलांची वह्या-पुस्तकं घेऊन यायच्या, तुमच्याकडे चांगलं प्लास्टिक आहे म्हणे, कव्हरं घालून द्या. एकीने रेशनकार्डही आणलं होतं. शारजात शेखांच्या गाड्या मढवलेल्या हातांनी त्याने इयत्ता चौथीचं परिसर अभ्यास मढवलं, आणि इमानाने सांगायचं तर एकही बुडबुडा राहू दिला नाही.

तो स्वतः फिरायचा त्या व्हॅनला तळाशी एवढं भोक होतं की पाय चुकला तर रस्त्याला लागावा. तिच्यावर फिल्म लावावी असं त्याच्या कधी मनातही आलं नाही. हाजरा, त्याची बायको, म्हणायची, हलवायाच्या पोरांना जिलबी कुठे मिळते?

आता ते मोडलेलं लग्न. मुलगी यशरा बाजारातल्या मेडिकलच्या दुकानात फार्मासिस्ट. तिला बघायला महाडकडची मंडळी आली, पांढऱ्या शुभ्र गाडीतून. मुलाचा बाप उतरल्या उतरल्या गाडीबद्दलच बोलायला लागला. वर्षसुद्धा झालं नाही, शोरूममधून काढली, अजून टाचणीचा ओरखडा नाही. चहा झाला, शिरखुर्मा झाला, मुलीचं शिक्षण विचारून झालं. मंडळी अंगणात निघता निघता रफिक सहज गाडीभोवती फिरला आणि त्याच्या बोटाने डावा दरवाजा सहज वाजवला. ढप्प. रफिकला मनापासून वाईट वाटलं. आपला होणारा व्याही, आणि त्याला कुणीतरी असा फसवावा!

“भाईजान, हा दरवाजा अख्खा पुट्टीचा आहे,” तो सगळ्यांच्या देखत म्हणाला. “ठोकलेली गाडी तुमच्या गळ्यात मारली कुणीतरी. नवी म्हणून घेतलीत का?”

भाईजानने ती जुन्या बाजारातून घेतली होती, आणि हे त्याच्या बायकोलाही त्याच अंगणात कळलं. मंडळी गेली. फोन आला नाही. यशरा म्हणाली, अब्बा, मला तसाही तो मुलगा आवडला नव्हता. पण हाजराने आठवडाभर मिठाचा अंदाज चुकवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते लोक कुठल्याही गोष्टीला म्हणतात, ती म्हणाली, तुम्ही खरोखर हात दाखवलात. त्या दिवशी रफिकने कसम खाल्ली की सोयऱ्यांच्या कुठल्याही गाडीवर बोट ठोकणार नाही, आणि नखही लावणार नाही.

पुढचा मुलगा यशराने स्वतः शोधला. शारिक मुकादम, बोर्लीचा, दिघी बंदरात नोकरीला. हा माणूस खोकला नसताना खोकल्याचं औषध न्यायला महिनोन् महिने तिच्या दुकानात येत होता. तिसऱ्या बाटलीनंतर तिने त्याला छातीचा फोटो काढून घ्यायला सांगितलं, तेव्हा बिचारा खरं बोलला. यशरा एरवी बापाकडे काही मागत नसे. या वेळी ती रफिकसमोर येऊन बसली आणि म्हणाली, “अब्बा, हा मला पाहिजे.” आणि थोडं थांबून, “तुम्ही काही करू नका.”

काही न करणं हे रफिकला कधी जमलं नव्हतं. तरी मंगनीच्या दिवशी बोर्लीला पोचेपर्यंत त्याने दोन्ही हात खिशात ठेवले. शारिकचे वडील कादिरभाई यांचं सिमेंट-पत्र्याचं दुकान होतं. भारदस्त माणूस, बोलणं मोजकं. त्यांच्या पडवीत चादरीखाली एक फियाट उभी होती. चादर काढली तर सायीच्या रंगाची, जुन्या घाटाची, मुंबईत आता बघायलाही मिळत नाही अशी गाडी.

“आमच्या अब्बांची,” कादिरभाई म्हणाले. “अब्बांचा मुंबईत व्यापार होता. घरच्यासाठी घेतली. रंग अजून कंपनीचा आहे, वरून ब्रश लागलेला नाही. शारिकचा निकाह हिच्यातूनच.”

रफिकचं बोट खिशात हललं. हाजराने पलीकडून बघितलं. बोट थांबलं. पण बोट थांबलं म्हणून तोंड थांबत नाही. मध्ये पडलेली शांतता रफिकला सोसवेना. “मी हिला फिल्म लावून देतो,” तो म्हणाला. “माझ्याकडून भेट. शारजाहून आणलेला शेवटचा रोल ठेवलाय, या गाडीसाठीच ठेवला होता म्हणा ना.”

कादिरभाईंचा चेहरा खुलला. हाजराने हळूच डोळे मिटले.

निकाहला पंधरवडा उरला तेव्हा फियाट शेडमध्ये आली. कादिरभाईंनी स्वतः चालवत आणली, चावी रफिकच्या हातात दिली, गाडीच्या छपरावरून एकदा हात फिरवला आणि गेले. ते होते तोवर हाजरा चहाची किटली घेऊन तिथेच उभी. ते गेल्यावरही ती उभीच.

“तपासायचं न्हाय,” ती म्हणाली.

“अगं, तपासल्याशिवाय फिल्म...”

“ते बोलले ना कंपनीचा रंग हाय म्हणून? मग हाय.”

रफिकला पटलं नाही, पण कसम ती कसम. तसा तो फार सच्चा माणूस होता अशातला भाग नाही. हाजराची नजर चुकवून ठोकता आलं असतं. पण व्याह्यांच्या शब्दावर आपण विश्वास ठेवला, या विचाराने त्याला एकदम थोर वाटायला लागलं होतं, आणि ते वाटणं त्याला मोडायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एका जुन्या गाडीवर न ठोकता, न खाजवता काम सुरू केलं. लहान मुलांच्या शॅम्पूच्या पाण्याने पत्रा भिजवला, फिल्म पसरली, सरकवली, रबरी पट्टीने पाणी बाहेर काढलं. बॉनेट झालं, छप्पर झालं, दरवाजे झाले. काम झाल्यावर चांगदेव सुपारीचा हात धोतराला पुसून बघायला आला आणि म्हणाला, “काय लावलास काय न्हाय, कायच दिसत न्हाय.” या धंद्यात याहून मोठं कौतुक नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन शेडच्या दारातून तिरकं आत आलं आणि रफिकला बॉनेटवर, फिल्मच्या आत, सुपारीच्या सालीचा एक तंतू दिसला. पापणीच्या केसाएवढा. पलीकडून उडून आला असणार आणि ओल्या फिल्मखाली जाऊन बसला असणार.

“न्हाय दिसत,” चांगदेव म्हणाला.

“असा इथून बघ. वाकून.”

चांगदेव कंबर धरून वाकला. “हाय वाटतं. पन लग्नात कोन वाकून बघनार हाय?”

“मी बघतोय ना.”

हे वाक्य रफिकला पुढे फार दिवस आठवत राहिलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे त्याला शाळेत शिकवलं होतं. त्याने ते बैलवाल्यांसाठी असेल असं समजून सोडून दिलं होतं. त्याने हीट गन घेतली, गरम हवेने फिल्मची कड मऊ केली आणि तंतूच्या दिशेने ती अलगद उचलायला सुरुवात केली. फिल्म सुरेख उचलली जात होती. इतकी सुरेख की त्याला शंका यायला हवी होती. दुधावरची साय निघावी तसा तिच्यासोबत रंगही निघून आला, ताटलीएवढा तुकडा, तंतूसकट. तंतू अजूनही तिथेच होता, फिल्म आणि रंग यांच्या मध्ये, सुखरूप.

खाली काळा रंग होता.

 रफिकने स्वतःला समजावलं की पहिल्या मालकाला काळा रंग आवडत असेल. माणसाला आवडतो काळा. त्याने छपराची फिल्म एका कोपऱ्यात, रबराच्या जवळ, नखाएवढी उचलून बघितली. तिथे पिवळा निघाला.

खाली काळा आणि वर पिवळा. ज्याने मुंबई एकदा तरी बघितली, त्याला पुढचं कुणी सांगावं लागत नाही. रफिकने खिशातलं बोट बाहेर काढलं. आता कसम पाळून काय वाचणार होतं? समोरच्या काचेच्या डावीकडे, जिथे टॅक्सीचा मीटर बसतो, तिथे त्याने ठोकलं. ढप्प. मीटर काढून भोकं पुट्टीने बुजवली होती.

“टॅक्सी हाय की,” चांगदेव म्हणाला.

“हळू बोल.”

“त्यात काय? माझा मामा चालवायचा. तुझा चुलता चालवायचा.”

ते खरंच होतं. या किनाऱ्यावर असं घर सापडणं कठीण की ज्यातलं कुणी ना कुणी मुंबईत टॅक्सीवर नव्हतं. लाज टॅक्सीची नव्हती. एका भारदस्त माणसाने भरल्या पडवीत सांगितलं होतं की आमच्या अब्बांचा व्यापार होता, ब्रश लागलेला नाही, आणि ते खोटं नेमक्या त्याच माणसाच्या हातून उघडं पडलं होतं ज्याने आधी एका बापाचा दरवाजा अंगणात उघडा पाडला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. रफिक घरटकर ज्या मुठीजवळ जातो ती उघडते. यशराने काय मागितलं होतं? तुम्ही काही करू नका. एवढंच. बाकीचे बाप दागिने करतात, मांडव घालतात. याला फक्त गप्प बसायचं होतं, आणि तेही जमलं नाही.

“रंग मार,” तो चांगदेवला म्हणाला. “एवढ्या तुकड्याला मार. ट्रक रंगवलेस ना?”

चांगदेवने जुने डबे काढले आणि सायीचा रंग मिसळायला बसला. पहिला रंग श्रीखंडासारखा झाला. त्यात पांढरा घातला तर दवाखान्याच्या भिंतीसारखा झाला. तीस-पस्तीस वर्षांत त्या गाडीला जी पिवळसर झाक आली होती, ती कुठल्या डब्यात मिळणार? शेवटी जो त्यातल्या त्यात बरा वाटला तो काळ्या तुकड्याच्या कडेला लावून बघितला. बॉनेटला गजकर्ण झाल्यासारखं दिसायला लागलं. रफिकने ते घाईघाईने पुसून काढलं. मग त्याला फुलं सुचली. बॉनेटवर मोगऱ्याची जाड चादर टाकायची, लग्नाचीच गाडी, कुणाला संशय येणार? मोगऱ्याचा हिशेब तो मनात जुळवत होता तेवढ्यात फोन वाजला. कादिरभाई. आम्ही म्हसळ्यातच आहोत, कपड्यांच्या दुकानात. अम्मीला गाडी बघायची आहे, पाच मिनिटांत येतो.

पाच मिनिटांत माणसाला काय काय करता येतं, याची रफिकने नंतर पुष्कळदा उजळणी केली. चादर टाकता आली असती. शेडचं दार लावून पळता आलं असतं. श्रीवर्धनला जाऊन समुद्रात उडी मारता आली नसती, तेवढा वेळ नव्हता. त्याने यातलं काहीच केलं नाही. दारात रिक्षा थांबली तेव्हा तो बॉनेटला टेकून उभा राहिला, कोपर मागे, पाठीचा मोठा भाग त्या ताटलीएवढ्या तुकड्यावर, फोटो काढून घेणाऱ्या नवरदेवासारखा.

कादिरभाई आत आले. मागून त्यांच्या अम्मी, गुलबानू, पातळ हाडाच्या, डोळ्यांवर जाड भिंगं, हातात काठी. कादिरभाईंनी मिठीसाठी हात पसरले. “या, व्याहीबुवा.”

रफिक जागचा हलला नाही. त्याने तिथूनच हात पुढे केला.

व्याह्याने मिठीला हात पसरावे आणि मुलीच्या बापाने टेकल्या जागेवरून हस्तांदोलन करावं, असं म्हसळा तालुक्यात आजवर घडलं नसेल. कादिरभाईंचे हात हवेत राहिले. चांगदेवने सुपारीच्या पोत्याकडे तोंड फिरवलं.

“बरं नाही का?” कादिरभाईंनी विचारलं.

“कंबर,” रफिक म्हणाला. “धरलीय.”

“कंबर चांगदेवची धरते,” गुलबानू म्हणाल्या. चांगदेवला त्या त्याच्या पनवेलच्या दिवसांपासून ओळखत होत्या. त्यांनी काठी उचलली आणि तिच्या टोकाने रफिकला बाजूला सारलं, वाटेतली कोंबडी सारावी तसं. “हा मानूस टेकलाय का चिकटलाय? हल बाबा. गाडी बघू दे मला.”

रफिक हलला. त्याला फक्त यशराचा चेहरा दिसत होता, ती समोर येऊन बसली होती तेव्हाचा.

गुलबानू वाकल्या. भिंगं त्या काळ्या तुकड्याच्या अगदी जवळ नेली. मग त्यांनी काठी चांगदेवच्या हातात दिली आणि मोकळ्या हाताचा तळवा त्या काळ्यावर ठेवला. कादिरभाईंचा चेहरा लाल झाला, मग उतरला. रफिकने माफी मागायला तोंड उघडलं, पण माफी नेमकी कशाची मागायची हे त्याला ठरवता येईना. रंग काढल्याची मागावी तर खालचा दिसतोय हे कबूल केल्यासारखं होणार.

“हीच गाडी,” गुलबानू म्हणाल्या. “मला वाटलं होतं मरायच्या आधी काय परत दिसनार न्हाय.”

“अम्मी,” कादिरभाई म्हणाले, “चल, आपण...”

“थांब रे.” त्यांचा हात तिथेच होता. “रोज पहाटे तुझा बा हिला फडक्यानं पुसायचा. डोंगरीच्या नाक्यावर सगळ्या टॅक्शा उभ्या, पन चमकायची ही. तुझ्या कॉलेजचं हिच्यावर झालं, दुकान हिच्यावर झालं. मग तुझं लगीन ठरलं. सासरा बडा मानूस. तुझ्या बाला तू म्हनालास, वरातीला टॅक्शी न्हाय चालनार. त्यानं चार दिसांत रंग मारून आनला. घाईचा रंग, त्याला पन ठावं होतं टिकनार न्हाय. टिकला बघ तरी.”

कादिरभाई खाली बघत होते.

“आन् तेवढ्यानं झालं न्हाय,” गुलबानू रफिककडे वळल्या, जणू हे त्याला कळणं जरुरीचं होतं. “शेट मानूस गाडी चालवतो का? म्हनून भाड्याचा डायवर आनला आन् ह्याच्या बाला बसवला मागं, माझ्या शेजारी, कोट घालून. जन्मात पयल्यांदा तो आपल्या गाडीत मागं बसला. मांडवापर्यंत नुसता पाय दाबीत होता. प्रत्येक वळनाला ब्रेक दाबायचा, मागं बसून. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला तवा थांबला.”

 पलीकडे सुपारी सोलणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. रफिकला शारजा आठवलं. तिथे तो दुसऱ्यांच्या गाड्यांवर इतकी वर्षं वाकला, पण त्यातली एकही चालवायची त्याला परवानगी नव्हती. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदाच त्याला स्वतःची चेष्टा करावीशी वाटली नाही.

“अम्मी, हे बाहेर गेलं तर,” कादिरभाई कसेबसे म्हणाले. “शारिकच्या आईला...”

“तुझ्या बायकोला पयल्याच वर्षी कळलं. मीटरची भोकं तिला पावसाळ्यात दिसली. ती काय बोलली न्हाय, म्हनून तुला वाटतंय कुनाला ठावं न्हाय. आक्ख्या बोर्लीला ठावं हाय.” त्यांनी काठी परत घेतली. “आन् तू, रफिक का काय तू. ते तुझं प्लास्टिक लावलं की जसं हाय तसं ऱ्हातं म्हनतात. व्हय का?”

“व्हय, चाची.” हा प्रश्न आजवर कुणी त्याला अशा सुरात विचारला नव्हता.

“मंग ह्याच्यावर लाव. रंग मारू नको. असंच ठेव.”

त्या रिक्षात जाऊन बसल्या. कादिरभाई मागे थांबले. रफिकला वाटलं, आता येतंय. आता हा माणूस सांगेल की सोयरीक मोडली समजा. तो म्हणाला, “कादिरभाई, चूक माझी आहे. मी न तपासता लावली. यशराचा यात काही...”

“तुम्ही तपासलं का नाही?” कादिरभाईंनी विचारलं. “मंगनीच्या दिवशी मी बघत होतो. तुमचा हात खिशात कसा चुळबुळत होता. महाडच्या लोकांची गोष्ट इकडेही पोचली होती. तुम्ही ठोकाल आणि खरं काय ते एकदाचं बाहेर येईल, असं मला वाटलं होतं. तुम्ही तर मिठीही मारली नाही.” एवढं बोलून ते रिक्षाकडे गेले. ते रागावलेत की नाही हे रफिकला त्यांच्या पाठीवरून काही कळलं नाही.

त्या रात्री त्याने हाजराला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन एवढंच म्हणाली की बोट खिशात घालायला मी सांगितलं होतं, डोकं पण घाला असं सांगितलं नव्हतं. यशराला सांगायची पाळी आली तेव्हा कळलं की तिला शारिकने दुपारीच फोनवर सांगितलं होतं. ती बापाकडे बघून हसली, पण फोन हातातून खाली ठेवला नाही. निकाह होईल की नाही हे त्या हसण्यावरूनही रफिकला ठरवता आलं नाही, आणि विचारायचा धीरही झाला नाही. त्याने काम केलं. काळ्या तुकड्याची कड अगदी बारीक कागदाने घासून गुळगुळीत केली, शेवटच्या रोलातला उरलेला तुकडा त्यावर बसवला, आणि या वेळी आधी चांगदेवकडच्या सोलणाऱ्या बायकांना दिवसभराची सुट्टी देववली.

निकाहच्या दिवशी सकाळपासून रफिक फाटकाशी उभा. दहा वाजले, मंडळी आली नाही. साडेदहालाही नाही. हाजरा आतून दोनदा बघून गेली. मग वळणावर हॉर्न वाजला, जुन्या फियाटचा तो घोगरा हॉर्न, आणि गाडी आली. बॉनेटवर मोगऱ्याची एकच माळ होती, ती काळ्या तुकड्याला वळसा घालून बांधलेली. मागे शारिक, शेरवानीत, घामाघूम. पुढे डाव्या बाजूला गुलबानू, नवी जरीची ओढणी, काठी दोन गुडघ्यांमध्ये. आणि स्टिअरिंगवर स्वतः कादिरभाई, कोट घातलेला.

त्यांनी फाटकाशी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, उतरले आणि हात पसरले. या वेळी रफिक धावत गेला. व्याह्याच्या गळ्यात पडता पडता त्याची नजर खांद्यावरून बॉनेटकडे गेली. ऊन तिरकं होतं. काळ्या तुकड्यावर, फिल्मच्या आत, एक तंतू होता. पापणीच्या केसाएवढा.

हाजरा दारातून बघत होती. रफिकने डोळे मिटून घेतले. पण बोट काही ऐकेना. ते कादिरभाईंच्या पाठीवर, कोटावरूनच, आपोआप दोनदा वाजलं.

“कसा आहे आवाज?” कादिरभाईंनी कानाशी विचारलं.

“टण्ण,” रफिक म्हणाला. “कुठे पुट्टी नाही.”